पाचवं घर वाचलं

काजवापेटीच्या खोलीत शिरताना मोबाइल बाहेरच ठेवायचा, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. चमकणारं घड्याळसुद्धा आत चालत नसे. दुसरा नियम भिंतीवर लावलेला नव्हता, पण त्याला अपवादही नव्हता. आपल्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही.

त्यामुळे त्या बुधवारी आफरीन शिकलगार सुट्टीवर होती आणि तिच्या वडिलांच्या थुंकीची पट्टी पीयूष तायडे पाहणार होता. तायडे अमरावतीहून नुकताच मिरजेला बदलून आला होता. आल्यापासून तो नमुने स्वच्छ करण्याच्या टेबलावर होता. इथल्या पेटीसमोर एकट्यानं बसायची त्याची ही पहिलीच वेळ.

"मॅडम, माझ्याच हाती काहून?" त्यानं आदल्या दिवशी विचारलं होतं. "तुमच्या वडिलांचं, अन् मी नवा माणूस."

"नवा आहेस म्हणूनच. तू त्यांना ओळखत नाहीस."

"अन् चुकलो तर?"

"नाही चुकणार. पेटी आकडा दाखवते. तू फक्त डोळ्यांनी खात्री करायची, आळतेकर मॅडम सही करणार. सही होईपर्यंत निकाल कोणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही."

सही होईपर्यंत निकाल नाही, हे तिनं अनेक रोग्यांच्या नातेवाइकांना ऐकवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते स्वतःला ऐकवलं.

क्षयाचा जंतू सावकाश वाढतो. बाकीचे बहुतेक जंतू तासाभरात दुपटीच्या वर जातात, याला दुप्पट व्हायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. एखाद्या रोग्याच्या जंतूवर कोणतं औषध चालेल हे तो वाढवून बघायचं म्हटलं तर पूर्वी आठवडेच्या आठवडे जात. तोवर रोगी निरुपयोगी गोळ्या खात राही आणि आजार घरात पसरवत राही. जनुकं तपासणारी यंत्रं लवकर उत्तर देत, पण ती महाग होती, आणि जंतूतले ओळखीचे बदलच त्यांना दिसत. जंतूनं नवी युक्ती काढली की यंत्र फसे.

काजवापेटी सरळ जंतूलाच विचारी: या औषधात तू जगतोस का?

जंतूंना लागण करणारे विषाणू निसर्गातच असतात. त्यातला फक्त क्षयाच्या जंतूत शिरणारा एक विषाणू निवडून त्यात काजव्याचं उजेड पाडणारं जनुक बसवलेलं होतं. तो जिवंत जंतूत शिरला की जंतू आपल्याच ऊर्जेवर मिणमिणायला लागे. मेलेल्या जंतूत ऊर्जा नाही, म्हणून उजेडही नाही. प्लास्टिकच्या एका पट्टीत नऊ छोटी घरं असत. आठांत वेगवेगळी औषधं सुकवून ठेवलेली, नववं मोकळं. सगळ्या घरांत रोग्याचा नमुना घालायचा, पट्टी शरीराइतक्या उबेत ठेवायची, मग विषाणू सोडायचा आणि पट्टी अंधाऱ्या पेटीत जुन्या मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली सरकवायची. मोकळ्या घरात उजेड दिसलाच पाहिजे. तो नसेल तर नमुन्यात जिवंत जंतूच नाहीत, मग बाकीच्या अंधाराला अर्थ नाही, आणि पेटी चाचणी बाद ठरवी. औषधाच्या घरात मात्र सगळ्यांना अंधार हवा असे. अंधार म्हणजे औषध लागू पडलं. उजेड म्हणजे निकामी.

अहवालात "उजेड" आणि "अंधार" एवढेच शब्द येत. पण रोज तेच काम करणाऱ्यांची आपसातली भाषा वेगळी असते. आफरीन आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. कुमुदिनी आळतेकर चहा पिताना बोलत, "तिसरं वाचलं, चौथं विझलं." वाचलं म्हणजे त्या घरातला जंतू औषधातून वाचला. त्या दोघींच्या बोलण्यात वाचलं हा वाईट शब्द होता.

पेटी मात्र बाहेरून आलेली नव्हती. सुरुवातीला आलेल्या पत्र्याच्या पेटीत सांध्यातून उजेड शिरायचा, म्हणून आफरीननं ती घरी नेऊन वडिलांना दाखवली होती. दस्तगीर शिकलगार तंबोरे बनवत. त्यांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली, "हे काय काम आहे!" म्हणाले, आणि तंबोऱ्यांतून उरलेल्या तुणीच्या लाकडाची नवी पेटी करून दिली. आतून काळं रोगण, झाकण असं बेमालूम की बसवताना आतली हवा उसासा टाके. मुलगी तंबोऱ्यांकडे न वळता जंतूंकडे वळली म्हणून त्यांनी धरलेला अबोला त्या पेटीपासून सैल झाला होता.

आता त्याच पेटीत त्यांचा नमुना होता.

---

खोकला दिवाळीत सुरू झाला. दस्तगीर म्हणाले, तंबोऱ्याच्या भोपळ्याचा भुसा घशात गेलाय. थंडी संपत आली तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या गळपट्ट्या ढिल्या पडल्या होत्या आणि आफरीननं त्यांना हाताला धरून रुग्णालयात नेलं. क्षय होता. पहिल्या झटपट तपासणीत एवढं कळलं की नेहमीची मुख्य औषधं याच्यावर चालणार नाहीत.

उरलं पाचवं घर. पाचव्या घरात बेडाक्विलिन होतं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचे नवे उपचार या गोळीच्या आधारावर उभे होते. काही महिन्यांच्या गोळ्या, त्याही घरी बसून. पण अलीकडे काही रोग्यांत या गोळीलाही जंतू दाद देईनासा झाला होता. तसं झालं तर जुन्या वाटेनं जावं लागे, आणि त्या वाटेवर अ‍ॅमिकासिनचं इंजेक्शन होतं. ते जंतूला मारतं. काहींच्या कानातल्या ऐकणाऱ्या पेशीही मारतं. आधी वरचे, बारीक स्वर जातात, मग हळूहळू खालचे. गेलेले परत येत नाहीत.

आणि दस्तगीर तंबोऱ्याची जवारी काढत. जवारी म्हणजे सगळा वरच्या स्वरांचाच कारभार.

आफरीननं घरी इंजेक्शनचं नाव काढलं नव्हतं. "पाचव्या घरावर सगळं आहे," एवढंच ती बोलली होती.

---

बुधवारी सकाळी ते परसात होते. दस्तगीर दिवसभर बाहेरच बसत. ऊन आणि वारा यांच्याइतकं जंतूचं वैर कोणाशी नाही, असं सांगून आफरीननं त्यांचं सगळं सामान शेवग्याच्या झाडाखाली मांडलं होतं. त्यांच्या तोंडावर मास्क, तिच्या तोंडावर मास्क, आणि मधे गोणपाटावर आडवा ठेवलेला एक नवा तंबोरा. तारा चढवलेल्या होत्या, जवारी राहिली होती. धारवाडच्या एका गायिकेचा होता तो. तिचा फोन येई तेव्हा दस्तगीर "लाकूड अजून बोलत नाही" असं सांगून वेळ मारून नेत.

मोबाइल वाजला. आफरीनच्या हाताला भिजवलेल्या डाळीचं पाणी होतं. तिची अम्मी, जैबुन, स्वयंपाकघरातून आली आणि तिनं निरोप मोठ्या आवाजात लावला.

"आफरीन मॅडम, तायडे बोलतो. पाचवं घर वाचलं. तुम्ही वाट पाहत असाल म्हणून आधी तेच घेतलं. पण आळतेकर मॅडमची सही झाल्याबिगर पुढचं काही बोलता येत नाही जी. त्या जतच्या शिबिराला गेल्या, संध्याकाळी येतील."

तायडेचा आवाज नेहमी असा सपाटच असे.

आफरीन हात पुसायचे विसरली.

"घर वाचलं!" दस्तगीरांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का जैबुन? घर वाचलं. सगळं पाचव्या घरावर आहे म्हणत होती ना ही? वाचलं बघ."

"शुकर आहे," अम्मी म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. "मी शेवयांची खीर टाकते."

"साखर बघून टाक. मागच्या वेळी खीर होती की पाक?"

"तोंडाला चव नाही म्हणून रडत होतात तेव्हा. आता चव आली का लगेच?"

 सही झालेली नाही, सही होईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम आफरीननं दोन्ही हातांनी घट्ट धरला. नियमाचा आधार घेऊन आपण पळ काढतोय हेही तिला समजत होतं. पण अम्मी आत शेवया भाजत गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी.

ती हात धुऊन आली आणि वडिलांसमोर बसली.

"अब्बा, या तंबोऱ्याची जवारी राहिलीय ना?"

"काढू आता सावकाश. घर वाचलंय, मग कशाची घाई?"

"आज काढू. मला शिकवा."

दस्तगीरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शाळेत असताना या मुलीनं पंख्याची घरघर ऐकून पंखा कोणत्या सुरात फिरतोय ते सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी तिला किती वेळा बोलावलं होतं, आणि ती परीक्षा आहे म्हणून, नोकरी आहे म्हणून आलीच नव्हती.

"तुला शिकवू?"

"मलाच."

"जैबुन, बाहेर येऊन बघ. काजवेवाली तंबोऱ्यावर बसतेय."

"बसू द्या," आतून आवाज आला. "तुमच्यापेक्षा हात धुऊन तरी बसेल."

---

तंबोऱ्याच्या चारही तारा ज्या लहानशा पुलावरून जातात त्याला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो केसभर उतरता असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत थरथरते. प्रत्येक टेकण्यात तिची मोकळी लांबी किंचित बदलते. त्यामुळे एकाच स्वरातून त्याचे वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, आणि एक तार छेडली तरी घोळका गातोय असं वाटतं. तारेखाली घोडीवर एक सुती दोरा सरकवतात. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्याला जीव म्हणत. जीव योग्य जागी आला की तंबोरा बोलतो. त्यासाठी आधी माथ्याचा उतार कानशीनं घासून बरोबर आणावा लागतो, आणि तो बरोबर आला की नाही हे फक्त कानाला कळतं.

आफरीननं हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. आकृतीही काढून दाखवली असती.

"छेड," दस्तगीर म्हणाले. "काय ऐकू आलं?"

"सा."

"सा तर पोस्टमनलाही ऐकू येतो. साच्या वर काय आहे?"

तिनं पुन्हा छेडली. मान वाकवून घोडीकडे पाहिलं.

"बघतेस काय? डोळ्यांनी काय ऐकू येतंय? तिकडे बघ, शेवग्याकडे."

तिनं शेवग्याकडे पाहिलं. शेंगा वाऱ्यात एकमेकींवर आपटत होत्या. तार वाजली. साच्या वर काही तरी होतं, पण उघड्या दारातून आतलं बोलणं ऐकू यावं आणि शब्द लागू नयेत तसं.

"काही तरी आहे, पण लागत नाही."

"घोडी पुढच्या बाजूनं चढली आहे. घे कानस. हलकी. लाकडावर नाही, हवेवर फिरवतोय असं समज."

तिनं कानस फिरवली. बोटाला काही जाणवलं नाही म्हणून आणखी एकदा, मग आणखी एकदा फिरवली. तार छेडली. टक्. रबर ताणून सोडावं तसा आवाज आला आणि विझला.

"मेली," दस्तगीर शांतपणे म्हणाले.

"सॉरी अब्बा."

"सॉरी कशाला? मी तुझ्या वयाचा होईपर्यंत पोतंभर घोड्या मारल्यात. पुन्हा घासायची." ते मास्कमागे हसत होते, हे डोळ्यांवरून समजत होतं. "तुमचं उलटं. तुमच्या लॅबमध्ये मेलं की पेढे. आमच्याकडे मेलं की पुन्हा कानस."

"हो."

"आणि तुमच्याकडे वाचलं की?"

त्यांनी हे गमतीनंच विचारलं होतं. कानस तिच्या हातात तशीच राहिली. तिनं मान वर केली नाही, आणि दस्तगीरांना उत्तर मिळालं.



"बोल," ते म्हणाले.

मग तिनं सगळं सांगितलं. लॅबमध्ये वाचलं कशाला म्हणतात. पाचव्या घरात कोणती गोळी होती. ती चालली नाही तर काय. इंजेक्शनाचं नाव, ते कानांचं काय करतं, सगळ्यांनाच होतं असं नाही, दर आठवड्याला कान तपासतात, तरी होऊ शकतं. ती एखाद्या अनोळखी रोग्याला सांगावं तसं नीट, क्रमानं सांगत गेली, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीनं तिला ते जमलं नसतं.

"वरचे आधी जातात?"

"हो."

"खर्ज राहील?"

"बहुतेक राहील."

दस्तगीरांनी शेवटची पितळी तार छेडली. खर्ज घुमला. ते ऐकत राहिले, संपेपर्यंत.

"म्हणजे तंबोरा राहील, जवारी जाईल."

अम्मी खिरीच्या वाट्या घेऊन दारात उभी होती. किती वेळ, ते कोणालाच कळलं नव्हतं.

"इंजेक्शन नको असं काही मनात आणलंत तर आधी माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"बोलायच्या आधी दाढी खाजवता तुम्ही. आता मास्कवरून खाजवताय."

दस्तगीरांनी हात खाली घेतला. "चाळीस वर्षं कानावर पोट भरलं, जैबुन. विचार तरी करू दे."

"करा. पण मी बोलेन ते ऐकू येत नाही म्हणून तुम्ही इतकी वर्षं नाटक करताय. आता खरंच ऐकू आलं नाही तर मला काय फरक पडतो? तुम्ही बसलेले असा इथे, म्हणजे झालं. मी त्या चार तारांशी बोलत बसू का?"

तिनं वाट्या ओट्यावर आदळल्या आणि ती तिथेच पाय सोडून बसली. आफरीननं वडिलांकडे पाहिलं. ते हसू दाबत होते आणि त्यांचे डोळे भरले होते, दोन्ही एकाच वेळी.

"घेतो इंजेक्शन," ते म्हणाले. "सांग तुझ्या मॅडमना. पण आज बुधवार आहे आणि आज माझे कान शाबूत आहेत. घे ती कानस. या वेळी खालून वर."

---

दुपार तशीच गेली. खीर थंडच खाल्ली गेली. दस्तगीर तिचा हात धरत नव्हते, जवळही येत नव्हते. लांबून नुसतं "हं" किंवा "नाही" म्हणत. दोन "नाहीं"मधला फरक तिला हळूहळू समजू लागला. एका "नाही"त लाकूड जास्त गेलेलं असे, दुसऱ्यात कमी. पहिली तार जमली नाही. दुसरी जमतेय असं वाटून हुकली.

"तू काय मोजतेस मनात?" त्यांनी विचारलं.

"किती वेळा घासलं ते."

"मोजू नको. मोजणारा कान आणि ऐकणारा कान एकच असतो. तो एका वेळी एकच काम करतो."

तिनं मोजणं सोडलं. ते सोपं नव्हतं. तिचा सगळा दिवस मोजण्यात जाई. कानस फिरवली, जीव नखानं थोडा सरकवला, शेवग्याकडे पाहिलं आणि तार छेडली.

सा उघडला. त्याच्यातून त्याच्यावरचा सा निघाला, मग पंचम, मग अगदी वर, उन्हात तरंगणाऱ्या धुळीसारखा बारीक गंधार, जो कोणी छेडला नव्हता. तो निघाला, चमकला, खाली उतरला आणि पुन्हा निघाला. तिला पेटीतला पहिला दिवस आठवला, जेव्हा पूर्ण काळोखात डोळे स्थिरावल्यावर एका घरात धूसर हिरवा ठिपका दिसला होता आणि इतकं लहान काही आपल्याला दिसू शकतं यावर तिचा विश्वास बसला नव्हता.

  अम्मीनं आतून विचारलं, "आता कोणी वाजवली?"

"का?"

"यांच्या हातची वाटली."

तेवढ्यात मोबाइल वाजला. या वेळी आफरीननं स्वतः उचलला.

"मॅडम, झाली सही," तायडे म्हणाला. "आता बोलतो. पाचवं अंधार. सहावं अंधार, सातवं अंधार, आठवं थोडं उजळलं, पण त्याचं काही नाही म्हणाल्या मॅडम. गोळ्या परवा सुरू."

"पाचवं काय?"

"अंधार. काळंकुट्ट."

"पण तू सकाळी म्हणालास, पाचवं घर वाचलं."

"वाचलं ना. तुमच्या वडिलांचं म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. कॅमेऱ्यानं वाचलं, मग डोळ्यानं वाचलं."

"वाचलं म्हणजे... वाचलं?"

"काहून मॅडम, आमच्या अमरावतीला आम्ही पट्टी वाचतोच. पेपर वाचतो तशी. तुम्ही इकडे काय करता पट्टीचं?"

 तिला हसू येत होतं आणि मास्कच्या आत नाक वाहत होतं. तिनं मोबाइल अम्मीकडे दिला. अम्मीनं तायडेकडून सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि मग म्हणाली, "बाळा, तू रविवारी जेवायला ये. तुला आधी चार शिव्या देणार आहे, मग बिर्याणी."

"शिव्या कायले जी?"

"ये तर खरा. सांगते."

दस्तगीरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. बराच वेळ पुसला.

"मी सकाळी काय म्हणालो होतो?" ते म्हणाले. "घर वाचलं."

"हो अब्बा."

"आपण तिघांनी तीन अर्थ काढले. माझाच बरोबर निघाला."

"तुम्हाला काही ठाऊक नव्हतं म्हणून."

"ते असू दे. बरोबर तो बरोबर." त्यांनी चष्मा चढवला. आफरीन उठायला लागली तसा त्यांनी कानशीनं तिला थांबवलं. "कुठे चाललीस? अजून खर्ज राहिलाय."

"आता कशाची घाई, अब्बा? तुमचे कान कुठे जात नाहीत आता."

"माझे जात नाहीत. तुझे जातील. उद्या लॅबमध्ये गेलीस की पुन्हा कधी येणार, त्याचा भरवसा आहे का?"

ती खाली बसली.

---

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बैठक झाली. बैठकीत आफरीन, तायडे आणि डॉ. आळतेकर एवढेच होते, आणि विषय एका क्रियापदाचा होता. आळतेकर मॅडम आधी खूप हसल्या. दुसऱ्या कोणा घरात हा गोंधळ झाला असता आणि संध्याकाळी उलगडला नसता तर, असं मग त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून पेटीच्या खोलीत कोणी काही वाचत नाही आणि काही वाचतही नाही. पट्टी बघतात, घरं उजळतात किंवा विझतात. तायडेनं दारावर तसा कागद लावला, आणि कोणाच्या तोंडून चुकून जुना शब्द निघालाच तर त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असं ठरलं. सर्वांत जास्त चहा आळतेकर मॅडमनी पाजला.

गोळ्या सुरू झाल्या. दस्तगीरांचा खोकला आधी पातळ झाला, मग तुरळक. सदऱ्याच्या गळपट्ट्या पुन्हा भरल्या. धारवाडची गायिका तंबोरा घ्यायला स्वतः आली, परसात बसून तिनं तो बराच वेळ छेडला आणि विचारलं, "एका तारेची जवारी वेगळ्या हाताची वाटते. कोणाची?" दस्तगीर म्हणाले, "पसंत नसेल तर बदलून देतो." ती म्हणाली, "नको. तीच राहू द्या."

आफरीन दर रविवारी परसात बसू लागली. रविवारी तायडेही येई, बिर्याणीचं निमित्त काढून. जवारीतलं त्याला काही समजत नसे, पण कानशीचा भुसा तो मोठ्या आवडीनं फुंकत बसे. अम्मी त्याला दर वेळी पहिल्या शिवीपासून सगळी गोष्ट पुन्हा ऐकवी.

उपचार संपायच्या सुमाराला शेवटचा नमुना पेटीत गेला. नियमाप्रमाणे आफरीन खोलीबाहेर थांबली. तायडे आत होता. झाकण बसल्यावर पेटीनं आपला नेहमीचा उसासा टाकला, तो तिला दाराबाहेर ऐकू आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग पेटीतल्या मोबाइलचा यांत्रिक आवाज:

"चाचणी बाद. मोकळ्या घरात उजेड नाही."

दार उघडून तायडे बाहेर आला. आळतेकर मॅडम आपल्या टेबलावरून उठून आल्या, त्यांनी आत जाऊन पाहिलं, सही केली, आणि मगच तो हसला. औषध नसलेल्या घरातही उजेड नव्हता. विचारायला जंतूच शिल्लक राहिला नव्हता. त्या बिचाऱ्या पेटीला यापेक्षा चांगल्या शब्दांत ते सांगता येत नव्हतं.

आफरीन घरी पोचली तेव्हा दस्तगीर मास्क न घालता शेवग्याखाली बसले होते. समोर नवा तंबोरा होता, आणि त्यावर तिनंच रविवारी केलेलं काम.

"अब्बा," ती दारातूनच म्हणाली, "घर वाचलं."

त्यांनी मान हलवली. हात तारेवरच होता.

"ठीक आहे. आता इकडे ये आणि हा खर्ज ऐक. रविवारी किती घासलास, ऐक तरी."